फुप्फुसाची वाट चुकलेली शीर: छातीच्या चित्रात अवचित सापडणारे जन्मजात वैगुण्य

आदिलाबाद शहराला लागून असलेल्या मावला परिसरातून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्या पुनर्रचनेत मावला हे स्वतंत्र मंडल बनले. महामार्गावर दुचाकी घसरून छातीला मुका मार बसलेला एखादा मनुष्य येथून आदिलाबादच्या राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेत, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘रिम्स’मध्ये, नेला जातो असे क्षणभर समजावे. बरगडी मोडली आहे काय, फुप्फुसाभोवती रक्त साचले आहे काय, हे पाहण्यासाठी छातीचे सीटी स्कॅन होते. बरगड्या शाबूत निघतात, रक्त साचलेले नसते. अहवालाच्या अखेरीस मात्र एक ओळ असते: डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाची शीर हृदयाच्या डाव्या कप्प्यात न जाता गळ्याखालच्या मोठ्या शिरेला मिळते आहे. मार लागला म्हणून आलेला मनुष्य मुका मार विसरतो आणि या ओळीचा अर्थ विचारू लागतो.

असा प्रसंग दुर्मीळ असला तरी अद्भुत नाही. छातीची चित्रे जितकी अधिक काढली जातात तितकी अशी वैगुण्ये अधिक उजेडात येतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात, थोडी नसतात. कोणते वैगुण्य कोणत्या गटातले हे ठरवण्याचे मार्ग आज ठाऊक आहेत आणि ते फारसे अवघडही नाहीत. अडचण असते ती अहवालातील त्या ओळीची. कधी ती वाचलीच जात नाही, तर कधी वाचून घरभर भीती पसरते.

रक्ताची नेहमीची वाट

हृदयाकडून निघणारी ती धमनी आणि हृदयाकडे येणारी ती शीर, अशी शाळेतील व्याख्या आहे. धमनीत तांबडे, प्राणवायूयुक्त रक्त आणि शिरेत काळपट रक्त, असेही आपण शिकतो. फुप्फुसांच्या बाबतीत हा दुसरा नियम उलटा होतो. फुप्फुसधमनी काळपट रक्त फुप्फुसांत नेते आणि फुप्फुसशिरा तेथून लाल रक्त हृदयाच्या डाव्या अलिंदात आणतात. बहुतेक माणसांत अशा शिरा चार असतात, उजवीकडून दोन व डावीकडून दोन. डाव्या अलिंदातून रक्त डाव्या निलयात उतरते आणि तेथून सर्व शरीरभर जाते. रक्त उजव्या हृदयातून फुप्फुसांमार्गे डावीकडे पोहोचते ही गोष्ट तेराव्या शतकात कैरोतील वैद्य इब्न अल-नफीस याने मांडली होती. युरोपात तिला मान्यता मिळायला आणखी काही शतके जावी लागली.

या चारांपैकी एक किंवा अधिक शिरा डाव्या अलिंदाऐवजी उजव्या अलिंदात, किंवा उजव्या बाजूला रक्त आणणाऱ्या एखाद्या मोठ्या शिरेत उघडत असल्या, तर त्या अवस्थेला आंशिक विसंगत फुप्फुसशिरा-जोड म्हणता येईल. डॉक्टरांच्या कागदावर ती ‘पीएपीव्हीसी’ या पाच अक्षरांत येते. काही अहवालांत शेवटचे अक्षर ‘सी’ऐवजी ‘आर’ असते, अर्थ तोच. या वैगुण्याचे पहिले वर्णन १७३९ साली विन्स्लो या शरीररचनाकाराने केले, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. त्या काळी ते केवळ मृतदेहाच्या विच्छेदनातच दिसू शकत होते. जिवंत माणसात, आणि तोही ठणठणीत असताना, ते पाहता येणे ही विसाव्या शतकाची देणगी आहे.

चारही शिरा चुकीच्या ठिकाणी उघडत असतील तर तो वेगळा आणि गंभीर आजार होतो. त्यात बाळ जन्मानंतर लवकरच निळे पडते, धापा टाकते, आणि शस्त्रक्रियेवाचून सहसा वाचत नाही. तो आजार असा योगायोगाने प्रौढपणी सापडत नाही. नावांतील साम्यामुळे दोन्हींची गल्लत होते व इंटरनेटवर शोधणारे नातेवाईक उगाच हादरतात, म्हणून हा फरक आधीच ध्यानात ठेवलेला बरा.

गर्भातली जुनी जोडणी

ही चूक घडते गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. फुप्फुसाचा अंकुर अन्ननलिकेच्या आद्यरूपातून फुटतो. त्या वेळी त्याच्याभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातील रक्त शरीराच्या सर्वसाधारण शिरांतच जात असते, कारण फुप्फुसाची स्वतःची वाट अजून तयार व्हायची असते. पुढे हृदयाच्या डाव्या अलिंदाच्या बाजूने एक सामाईक शीर फुटते, ती या जाळ्याला येऊन मिळते आणि मग जुन्या जोडण्या हळूहळू नाहीशा होतात. सामाईक शीर अलिंदाच्या भिंतीत सामावली जाते आणि तिच्या फांद्या चार स्वतंत्र मुखांनी अलिंदात उघडू लागतात.

फुप्फुसाच्या एखाद्या भागाचा या नव्या वाटेशी संबंध जुळलाच नाही, तर त्या भागाचे रक्त जुन्याच वाटेने जात राहते. म्हणजे येथे नवीन काही विचित्र उगवलेले नसते, जे मिटायचे ते मिटलेले नसते. आईने गरोदरपणात काय खाल्ले, कोणते ग्रहण पाहिले, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आदिलाबाद असो वा यवतमाळ, असा दोष बाळाच्या आईवर ठेवण्याची खोड अजून गेलेली नाही, म्हणून हे स्पष्ट सांगावे लागते.

कोणत्या भागाची शीर कोठे जाते याचेही ठरावीक साचे आहेत. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाची शीर बहुधा ऊर्ध्व महाशिरेत किंवा तिच्या व उजव्या अलिंदाच्या सांध्यापाशी उघडते. अशा वेळी दोन अलिंदांमधल्या पडद्याच्या वरच्या टोकाशी छिद्रही पुष्कळदा सापडते, त्याला ‘सायनस व्हेनोसस’ प्रकारचे छिद्र म्हणतात. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाची शीर छातीत उभी वर चढते आणि गळ्याखालच्या आडव्या मोठ्या शिरेला मिळते. तिला उभी शीर असेच म्हणतात आणि हिच्यासोबत पडद्याला छिद्र नसण्याचीच शक्यता अधिक. लहान मुलांच्या हृदयरोग विभागात उजवीकडचा प्रकार जास्त दिसतो, तर प्रौढांच्या सीटी स्कॅनमध्ये अवचित सापडणाऱ्यांत डावीकडची शीर वारंवार आढळते. यामागचे कारण साधे आहे. छिद्रासह असलेला दोष लवकर त्रास देतो व लवकर ओळखला जातो. एकटी शीर वर्षानुवर्षे गप्प बसते.

तिसरा साचा सर्वांत प्रसिद्ध आहे. उजव्या फुप्फुसाचे सगळे किंवा बरेचसे रक्त घेऊन एक शीर हृदयाच्या उजव्या कडेने खाली उतरते आणि अधोमहाशिरेला मिळते. साध्या एक्स-रेवर ती खाली रुंदावत जाणाऱ्या बाकदार पट्ट्यासारखी दिसते, जणू मध्यपूर्वेतील वाकडी तलवार. त्या तलवारीचे इंग्रजी नाव या विकाराला मिळाले: सिमिटर सिंड्रोम. मराठीत समशेरीची खूण म्हणायला हरकत नाही. या विकाराची पहिली वर्णने १८३६ सालची आहेत. बालहृदयरोगतज्ज्ञ कॅथरीन नील आणि सहकाऱ्यांनी १९६० साली एकाच कुटुंबात तो आढळल्याचे नोंदवताना हे नाव रूढ केले. यात उजवे फुप्फुस बहुधा लहान राहते, हृदय उजवीकडे सरकलेले असते, आणि फुप्फुसाच्या खालच्या भागाला पोटातील महाधमनीकडून एखादी जादा धमनी रक्त पुरवत असते. दर लाख जन्मांमागे साधारण एक ते तीन एवढेच त्याचे प्रमाण सांगितले जाते.

विसंगत शिरांचे एकूण प्रमाण मात्र इतके अल्प नाही. शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदींत ते ०.४ ते ०.७ टक्के आढळले. प्रौढांच्या सीटी स्कॅनच्या पाहण्यांत ते ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे हजारी एक-दोन, इतके दिसते. आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सात लाखांच्या आसपास होती. सीटीचे प्रमाण तसेच्या तसे लावले तर एकट्या या जिल्ह्यात सातशे ते चौदाशे माणसे अशी शीर बाळगून असावीत. हा केवळ हिशेब आहे, मोजणी नव्हे. पण त्यावरून इतके कळते की ‘दुर्मीळ’ या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. त्यांतील बहुतेकांना आपल्या छातीत असे काही आहे याचा पत्ताही नसतो.

पाटाचे पाणी पुन्हा विहिरीत

अशा शिरेने बिघडते काय? विहिरीवरची मोटर पाणी उपसते, पाटाने ते शेताकडे जाते, पण पाटाला वाटेत भगदाड पडले असेल तर काही पाणी परत विहिरीतच पडते. शेताला हवे तेवढे पाणी मिळावे म्हणून मोटर तेवढी जास्त चालवावी लागते. विसंगत शिरेतील रक्त तसेच असते. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेले हे लाल रक्त शरीराकडे न जाता उजव्या हृदयात पडते आणि पुन्हा फुप्फुसांकडेच ढकलले जाते. शरीराला त्याचा वाटा मिळतो, म्हणून माणूस निळा पडत नाही, वाढ खुंटत नाही. उजव्या निलयाला मात्र रोजची फुकटची खेप घालावी लागते.

ही खेप किती मोठी, हे आकड्यांत मांडता येते. फुप्फुसांतून जाणारे रक्त आणि शरीरात जाणारे रक्त यांचे निरोगी माणसातले गुणोत्तर एकास एक असते. पडद्याला छिद्र नाही आणि फुप्फुसांतील एकूण रक्तापैकी पाचवा हिस्सा चुकीच्या वाटेने परतत आहे असे धरले, तर हे गुणोत्तर सव्वा होते. तिसरा हिस्सा चुकत असेल तर ते दीड होते. एका बाजूच्या संपूर्ण फुप्फुसाचे, म्हणजे जवळपास निम्मे, रक्त चुकत असेल तर ते दोन होते. एकाच खंडाची एकच शीर चुकली असेल तर गुणोत्तर सहसा दीडच्या आत राहते, आणि म्हणूनच असा माणूस शेतात राबतो, जिनिंगमध्ये गासड्या उचलतो, म्हातारा होतो, आणि त्याला कधी काही जाणवत नाही.

या हिशेबाला एक पुस्ती जोडावी लागते. उजव्या अलिंदातला दाब डाव्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे त्याच्याशी जोडलेल्या भागाकडे रक्त जरा अधिकच ओढले जाते. वय वाढते, रक्तदाब जडतो, डावा निलय ताठर होऊ लागतो, किंवा संधिवाताच्या तापानंतर डावीकडची झडप अरुंद होते. मग डाव्या अलिंदातला दाब वाढतो आणि चुकीच्या वाटेचे आकर्षण आणखी वाढते. तिशीत क्षुल्लक असलेली शीर साठीत तशीच क्षुल्लक राहील असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

जास्त रक्त वर्षानुवर्षे वाहत राहिले तर उजवे अलिंद व निलय फुगतात. चढ चढताना धाप लागते, छातीत धडधडते, लवकर थकवा येतो, फुप्फुसाचे संसर्ग वारंवार होतात. काहींत फुप्फुसधमनीतला दाब चढत जातो. ही लक्षणे सावकाश येतात आणि वयाच्या किंवा वजनाच्या नावावर सहज खपून जातात.

ती सापडते कशी

विल्हेल्म राँटगेन याला १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, आणि छातीचा एक्स-रे ही पुढे जगातील सर्वांत नित्याची चित्रतपासणी ठरली. क्षयाच्या शोधासाठी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीसाठी, शस्त्रक्रियेपूर्वी, परदेशी जाण्यापूर्वी तो काढला जातो. समशेरीची खूण त्यात उमटते. डावीकडची उभी शीर मात्र क्वचितच नजरेत भरते, फार तर हृदयाच्या वरची डावी कड जराशी फुगीर दिसते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्री हाउन्सफील्डच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र काढले, आणि पुढे हीच पद्धत छातीला लागू झाल्यावर शिरांचा मार्ग चकत्या-चकत्यांनी पाहता येऊ लागला.

२०२०-२१च्या करोनाकाळात तर गावोगावच्या लोकांच्या छातीचे सीटी स्कॅन झाले. ‘स्कोअर किती आला?’ हा तेव्हा कुशलक्षेमाचा प्रश्न झाला होता. त्या धांदलीत स्कोअरच्या आकड्याखेरीज अहवालातील बाकीच्या ओळी कितीजणांनी वाचल्या असतील, याची शंका येते. त्या काळातले अहवाल घरात पडून असतील तर एखाद्या डॉक्टरांना ते सावकाश दाखवून घ्यायला हरकत नाही. हे स्कॅन बहुधा रंगद्रव्य न देता केलेले असत. त्यात शीर दिसते, पण ती नेमकी कोठे मिळते हे काही वेळा संदिग्ध राहते.

आणखी एक वाट हृदयाच्या लयीची आहे. अलिंदे अनियमित थरथरण्याच्या विकारात त्या थरथरीची ठिणगी पुष्कळदा फुप्फुसशिरांच्या मुखाशी पडते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी १९९८ साली दाखवले. तेव्हापासून त्या जागी उपचार करण्यापूर्वी शिरांचा नकाशा सीटी किंवा एमआरआयने काढण्याचा प्रघात पडला, आणि नकाशा काढताना चार मुखांऐवजी तीनच सापडल्याचे प्रसंग आले.

सर्वांत गोंधळाचा प्रसंग अतिदक्षता विभागात घडतो. मानेच्या डाव्या बाजूने मोठ्या शिरेत नळी घातली जाते. तिच्यातून रक्त काढून पाहावे तर ते काळपट न येता लालभडक येते. नळी चुकून धमनीत गेली, असे प्रथम वाटते. पण दाब मोजला तर तो शिरेसारखाच कमी. एक्स-रेत नळीचे टोक छातीच्या डाव्या बाजूला उतरलेले. नळी उभ्या शिरेत शिरली आहे, हे तेव्हा लक्षात येते. हृदयाच्या उजव्या बाजूकडे येणाऱ्या रक्तात प्राणवायूचे संपृक्ततेचे प्रमाण सत्तर-पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास असते, फुप्फुसातून आलेल्या रक्तात ते पंचाण्णवच्या वर जाते. लाल रंगाचे गूढ एवढेच असते.

चित्र वाचताना होणाऱ्या चुका

छातीच्या डाव्या बाजूला दिसणारी प्रत्येक उभी शीर विसंगत फुप्फुसशीर नसते. काही माणसांत गर्भावस्थेतील डावी ऊर्ध्व महाशिरा शिल्लक राहते. तीही त्याच जागी दिसते, पण ती खाली हृदयाच्या स्वतःच्या शिरा-मार्गात मिळते आणि तिच्यातले रक्त काळपटच असते. या दोहोंचा निवाडा करण्यासाठी चकत्या वरून खालपर्यंत पाहत जावे लागते. ज्या शिरेच्या फांद्या फुप्फुसात शिरतात आणि डाव्या अलिंदापाशी जिचे नेहमीचे मुख नसते ती विसंगत.

समशेरीच्या खुणेचेही सोंग असते. कधी कधी उजव्या फुप्फुसातील एखादी शीर वळणे घेत घेत खाली उतरते, एक्स-रेवर हुबेहूब तलवारीसारखी दिसते, आणि अखेर डाव्या अलिंदातच जाऊन मिळते. वाट वाकडी असली तरी मुक्काम बरोबर. येथे रक्ताची फुकट खेप नाही आणि उपचारही नको. साध्या एक्स-रेवरून निदान पक्के करू नये याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

याउलट काही जणांत फुप्फुसशिरेचा एखादा तुकडा फुगलेला असतो आणि एक्स-रेवर तो गोल गाठीसारखा दिसतो. क्षयाचा वावर असलेल्या भागात अशा सावलीला आधी क्षय आणि मग कर्करोग समजले जाण्याचा धोका असतो. गाठ समजून सुई घातली तर रक्तस्राव होतो. थुंकीची तपासणी निर्दोष आहे, ताप नाही, वजन घटलेले नाही आणि सावली महिनोन्महिने जशीच्या तशी आहे, अशा वेळी सुई घालण्याआधी रंगद्रव्य देऊन सीटी करणे शहाणपणाचे ठरते. रंगद्रव्य भरताच ती सावली रक्तवाहिनी असल्याचे उघड होते.

एरवी गप्प असलेली शीर खरी घातक ठरू शकते ती फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेत. समजा, डाव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडाची शीर विसंगत आहे आणि कर्करोगासाठी उजव्या फुप्फुसाचा मोठा भाग काढला. उरलेल्या फुप्फुसातून आता पूर्वीपेक्षा अधिक रक्त जाऊ लागते आणि त्यातला मोठा वाटा पुन्हा उजव्या हृदयात पडतो. काल सव्वा असलेले गुणोत्तर एका दिवसात कितीतरी वाढते आणि उजवे हृदय थकून जाते. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी कळली तर आराखडा बदलता येतो, नंतर कळली तर हातात फार थोडे उरते. अपघातानंतरच्या सीटी अहवालातली ती एक ओळ वीस वर्षांनी जीव वाचवू शकते ती अशी, पण त्यासाठी ती वीस वर्षे टिकायला हवी.

सापडल्यानंतर

पहिली तपासणी हृदयाच्या सोनोग्राफीची, म्हणजे इकोची. तिच्यात पाहायचे ते उजव्या बाजूचे कप्पे फुगले आहेत काय आणि फुप्फुसधमनीतला दाब किती आहे. छातीवरून केलेल्या इकोत प्रौढ माणसाच्या वरच्या फुप्फुसशिरा नेहमी दिसतीलच असे नाही. त्यामुळे ‘इको नॉर्मल’ या शेऱ्याने सीटीतले निदान खोटे ठरत नाही. पण उजवे हृदय नेहमीच्या आकाराचे आहे, एवढे इकोने सांगितले तरी अर्धी काळजी मिटते. उलट, उजवे हृदय फुगलेले आहे आणि त्याचे कारण सापडत नाही, अशा रुग्णात विसंगत शीर मुद्दाम शोधावी लागते. पडद्याच्या वरच्या टोकाचे छिद्र पाहण्यासाठी अन्ननलिकेतून इको करावे लागते. रक्ताचे नेमके गुणोत्तर एमआरआयने, शरीराला सुई-नळी न लावता, मोजता येते. ते शक्य नसेल तर हृदयात नळी घालून ठिकठिकाणच्या रक्तातला प्राणवायू मोजण्याची जुनी पद्धत आहेच. टर्नर सिंड्रोम असलेल्या मुली-स्त्रियांत हे वैगुण्य इतरांपेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात आढळते. त्यामुळे उंची खुंटलेल्या, पाळी न आलेल्या मुलीत ही शीर सापडली तर त्या दिशेनेही पाहावे.

एकच शीर, उजवे हृदय नेहमीचे, दाब नेहमीचा, लक्षणे नाहीत: अशा वेळी औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, कामाला बंदी नाही. काही वर्षांच्या अंतराने इको पाहावा, एवढेच. फुप्फुसधमनीचा दाब वाढलेला नसेल तर गरोदरपणही सहसा निभावून जाते. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवावे म्हणजे झाले.

अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी २०१८ साली प्रौढांतील जन्मजात हृदयदोषांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात शस्त्रक्रियेचे निकष नमूद आहेत. श्रमशक्ती घटलेली असावी, उजवा निलय मोठा झालेला असावा, गुणोत्तर दीड किंवा अधिक असावे, आणि फुप्फुसधमनीतला दाब शरीरातील रक्तदाबाच्या निम्म्याहून कमी असावा. शेवटची अट विसरता येत नाही. दाब फार चढून फुप्फुसाच्या वाहिन्या कायमच्या अरुंद झाल्या असतील तर शस्त्रक्रियेने हित होण्याऐवजी अहित होते. वेळ निघून जाऊ न देण्याचे महत्त्व येथे आहे.

शस्त्रक्रिया शिरेच्या जागेप्रमाणे बदलते. डावीकडची उभी शीर वरून सोडवून डाव्या अलिंदाच्या कानासारख्या भागाला शिवता येते. उजवीकडची शीर ऊर्ध्व महाशिरेत उंच उघडत असेल तर हर्बर्ट वॉर्डन या अमेरिकी शल्यविशारदाने १९८४ साली प्रसिद्ध केलेली पद्धत वापरतात. तीत महाशीर त्या शिरेच्या मुखावर कापली जाते, वरचे टोक उजव्या अलिंदाला वेगळ्या जागी जोडले जाते, आणि खालच्या तुकड्यातून फुप्फुसाचे रक्त पडद्याच्या छिद्रावाटे डावीकडे वळवले जाते. हृदयाचे ठोके जेथून सुरू होतात त्या बिंदूला धक्का लागू नये, हा या खटाटोपाचा हेतू. गेल्या काही वर्षांत निवडक रुग्णांत छाती न उघडता, आवरण असलेला स्टेंट बसवूनही हा दोष दुरुस्त केला जाऊ लागला आहे. समशेर प्रकारातली शस्त्रक्रिया यांपेक्षा कठीण, कारण जोडलेली शीर पुढे अरुंद होण्याची भीती असते.

मावल्याच्या रहिवाशाला या वाटेचे टप्पे असे पडतात. सीटी व इको आदिलाबादेत, पुढचा निर्णय हैदराबादेत. पंजागुट्टा येथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस हे त्यासाठीचे मोठे शासकीय ठिकाण, अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. या भागातील मराठी कुटुंबे त्याहून जवळच्या नागपूरकडे वळतात, ते भाषेमुळे आणि सोयऱ्या-धायऱ्यांमुळे स्वाभाविकच आहे. मात्र पात्र कुटुंबांसाठी असलेली तेलंगणाची आरोग्यश्री योजना निवडलेल्या रुग्णालयातच चालते, तेव्हा नागपूरची गाडी धरण्याआधी ते रुग्णालय यादीत आहे काय हे विचारून घ्यावे. डिसेंबर २०२३पासून या योजनेची वार्षिक मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांवरून दहा लाख रुपयांवर नेण्यात आली. अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या त्याच्या पथकाच्या तपासणीत जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे.

राहिला कागद. अहवाल इंग्रजीत असतो, घरी मराठी, तेलुगू किंवा गोंडी बोलली जाते, आणि ‘नंतर दाखवा’ या दोन शब्दांत पुष्कळ गोष्टी हरवतात. अशी शीर सापडलेल्या माणसाने अहवालाबरोबर स्कॅनची सीडीही मागून घ्यावी. अहवालात एखाद्या डॉक्टराचे मत असते, सीडीत चित्र असते, आणि पुढच्या डॉक्टरला चित्रच हवे असते. शिरेचे नाव व बाजू एका चिठ्ठीवर लिहून ती आधार कार्डाच्या पाकिटात ठेवावी, आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली मिळणारा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक काढलेला असेल तर अहवाल त्याला जोडून घ्यावा. भूल देण्यापूर्वी, मानेतून नळी घालण्यापूर्वी आणि छातीच्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ही चिठ्ठी दाखवायची असते. डावीकडची उभी शीर असेल तर भूलतज्ज्ञ बहुधा नळी उजव्या बाजूने घालतील.